फिर्याद आणि कैवार

१८९६ च्या उन्हाळ्यात, बोरघाटाच्या माथ्यावरील ज्या गावाचे नाव तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत ‘लनोली’ असे लिहिले जाई त्या आपल्या लोणावळ्यास, मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींचा उपासनेचा मेळा भरला होता. त्या मेळ्यास पुण्याहून अडतिशीची एक विधवा आपल्या सदनातील पंधरा मुलींना घेऊन आली होती. ह्या मुलींनी तिचीच श्रद्धा स्वीकारली होती आणि त्याबद्दल तिचे अंतःकरण कृतज्ञतेने भरून आले होते. एके दिवशी पहाटे, मंडळी जागी होण्यापूर्वी, ती एकटीच रानात गेली. सूर्य उगवताना तिने पाहिला. आणि तेथे बसून तिने एक विलक्षण मागणे मागितले. ह्या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे पुढल्या मेळ्याच्या आत मला अशा २२५ लेकी दे, अशी तिची प्रार्थना होती. तिच्या सदनात तितक्या मुली नव्हत्या, नव्या येण्याचे कोणतेही चिन्ह नव्हते, आणि पुण्यातील ज्या प्रतिष्ठित पुरुषांनी आरंभी तिच्या कार्यास हात दिला होता त्यांपैकी बहुतेक तीन वर्षांपूर्वीच तिला सोडून गेले होते.

ती स्त्री पंडिता रमाबाई होय. दुःखात माणसाने धीर कसा धरावा आणि त्याचे सांत्वन कशाने होते, ह्या प्रश्नास ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर सामान्य वाचकास समजून सांगावयाचे तर लोणावळ्याच्या रानातील त्या पहाटेपासून आरंभ करणे मला योग्य वाटते. कारण त्या पहाटे तेथे बसलेल्या बाईइतका दुःखाचा दाखला फारच थोड्यांपाशी असेल.

अनंतशास्त्री डोंगरे ह्या विद्वान वैदिक ब्राह्मणाची ही कन्या १८५८ साली सह्याद्रीच्या दक्षिणेकडील गंगामूळच्या अरण्यात जन्मली. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरल्यामुळे पित्याच्या वाट्याला एकाकीपण आले, पुढे दारिद्र्य आले, आणि ते सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई असताना आधी पिता, मागून माता, मागून थोरली बहीण अशी माणसे काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढी दोघेच उरली. दोघे हजारो मैल चालून १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेथे तिच्या विद्वत्तेचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्यांनी गौरव झाला, आणि १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत माता, पिता, बहीण, भाऊ आणि पती ह्या पाचांचे मरण जिने पाहिले, तिने पुढल्याच वर्षी इंग्लंडातील वाँटेज येथे ख्रिस्ती दीक्षा घेतली. तिच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो सर्वश्रुत आहे, आणि १८८९ मध्ये मुंबईस स्थापून पुढे पुण्यास आणलेल्या तिच्या शारदासदनाविषयी १८९३ मध्ये जो वाद पेटला त्याचा न्यायनिवाडा येथे करावयाचा नाही. आपला प्रश्न निराळा आहे: इतके सोसलेल्या माणसाला ह्या श्रद्धेत काय सापडले?

आपल्याकडे कुणाच्या घरी मरण झाले की शेजारीपाजारी दुखवट्यास जातात. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मावळातल्या कोणत्याही गावी, घर कोणत्याही धर्माचे असो, सोयरेधायरे फडक्यात भाकरी बांधून नेतात, जमिनीवर टेकतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. ही आपली रीत फार शहाणपणाची आहे. पण थोड्या वेळाने कोणी तरी बोलू लागतो. प्रारब्ध काढतो, देवाची मर्जी काढतो, ‘त्यातही काही भले असेल’ असे म्हणतो. आणि ज्याचे माणूस गेले त्याच्या उरावर आणखी एक धोंडा ठेवून निघून जातो.

बायबलातील ईयोबाच्या ग्रंथाचा विषय नेमका हाच आहे. ईयोब सज्जन आणि संपन्न. एका दिवसात त्याची गुरेढोरे, चाकर आणि मुलेबाळे नाहीशी होतात, पुढे सर्वांगास फोड येतात, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवीत असतो. त्याचे तीन मित्र दूरच्या मुलखातून येतात, त्याला पाहून हंबरडा फोडतात, आणि सात दिवस व सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहतात. येथपर्यंत त्यांचे सर्व योग्य होते. नंतर ते बोलू लागतात, आणि तुझ्या पापाचेच हे फळ असले पाहिजे असे नाना युक्तिवादांनी त्याच्या गळी उतरवू पाहतात. ईयोब मात्र मान्य करीत नाही. तो स्वतःची कैफियत मांडतो, आपण निर्दोष आहोत असे म्हणतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि देवालाच जाब विचारतो. वाचकाला वाटावे की अखेरीस ह्या उद्धट माणसाला शासन होईल आणि देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांना शाबासकी मिळेल. घडते उलटे. देव त्या मित्रांवर कोपतो आणि माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो.

ख्रिस्ती सहनशीलतेविषयी जो सार्वत्रिक गैरसमज आहे तो ह्या एका ग्रंथाने दूर व्हावा. धीर धरणे म्हणजे ओठ शिवून बसणे, असे त्या परंपरेत कोठेही सांगितलेले नाही. दीडशे स्तोत्रांच्या संहितेत निदान तिसरा हिस्सा विलापाचा आहे; ‘विलापगीत’ ह्या नावाचे एक स्वतंत्र पुस्तकच बायबलात आहे; आणि स्वतः येशूने वधस्तंभावर प्राण सोडण्यापूर्वी जो आर्त प्रश्न केला, देवाने आपल्याला का टाकले असा, तोही बाविसाव्या स्तोत्राचाच आरंभ होता. दुःखिताला फिर्याद करण्याचा हक्क आहे, ती फिर्याद थेट सर्वोच्च दरबारात दाखल करण्याची मुभा आहे, आणि फिर्याद केल्याने श्रद्धा उणी होत नाही, हे ख्रिस्ती सांत्वनाचे पहिले कलम होय. कारण फिर्याद तोच करतो ज्याला ऐकणारा आहे असा भरवसा असतो. ज्याचा भरवसा पुरता तुटला तो गप्प होतो.

दुसरे कलम समजण्यासाठी मराठी बायबलातील एका शब्दाकडे पाहावे. येशूने शिष्यांचा निरोप घेताना, मी गेल्यावर तुमच्याजवळ राहण्यास दुसरा एक येईल, असे वचन दिल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतोस’ असा आहे, म्हणजे साहाय्यासाठी बाजूला बोलावून घेतलेला. न्यायासनापुढे आरोपीच्या शेजारी उभा राहून त्याची बाजू सांभाळणारा, असाही त्याचा अर्थ. इंग्रजी भाषांतरकारांनी कोठे ‘सांत्वन करणारा’ तर कोठे ‘वकील’ असे दोन निरनिराळे प्रतिशब्द वापरले. मराठीत मात्र ह्या दोन्ही अर्थांना पुरून उरणारा एक शब्द आयताच हाती होता, आणि तो आपल्या भाषांतरकारांनी अचूक उचलला: ‘कैवारी’. कैवार घेणे म्हणजे काय हे मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाही. रस्त्यात मार खाणाऱ्या पोराचा कैवार घेणारी आजी त्याला तत्त्वज्ञान सांगत नाही. ती मध्ये पडते, आणि पोराच्या अंगावरचा वार तिच्या अंगावर पडण्याचा संभव ती जाणूनबुजून पत्करते. सांत्वन हे मूलतः असे कैवार घेणे आहे, शब्दांच्या आधीचे आणि शब्दांच्या पलीकडचे.

बेथानी गावच्या लाजराची कथा ह्या दृष्टीने वाचावी. मित्र मेला म्हणून येशू तेथे जातो. त्याला पुन्हा उठविण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे हे त्याला ठाऊक आहे. काही घटकांत हे घर आनंदाने भरणार हेही त्याला ठाऊक आहे. तरी मृताची बहीण रडताना पाहून तो आधी रडतो. ज्याच्यापाशी उत्तर तयार होते त्याने उत्तराच्या अगोदर अश्रू दिले, ही गोष्ट मला ख्रिस्ती धर्माच्या अनेक सिद्धान्तांपेक्षा अधिक बोलकी वाटत आली आहे.

आता धीर. नव्या करारात ह्यासाठी जो ग्रीक शब्द वारंवार येतो तो ‘हुपोमोने’. त्याचा शब्दशः अर्थ खाली टिकून राहणे, भार अंगावर असताना जागा न सोडणे. याकोबाच्या पत्रात ह्या धीराला जे उदाहरण दिले आहे ते वाचताना मावळातील शेतकऱ्यास परके वाटू नये, कारण ते पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचेच आहे; आणि त्याच्या पाठोपाठ त्या पत्रात ईयोबाच्या धीराची आठवण केली आहे. पवन मावळात किंवा नाणे मावळात भात पिकविणारा माणूस पावसाची वाट पाहतो ती हात जोडून बसून नव्हे. उन्हाळ्यात तो राब भाजतो, बांध नीट करतो, पहिल्या सरींवर रोपे टाकतो, मग धो धो पावसात गुडघाभर चिखलात ओणवा राहून लावणी करतो, आणि इतके केल्यावर जे आपल्या हातचे नाही त्याची वाट पाहतो. पाऊस आपण पाडू शकत नाही हे तो जाणतो, आणि म्हणून राब भाजायचा राहिला असे तो कधी म्हणत नाही. ख्रिस्ती धीराचे स्वरूप ह्याहून निराळे नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील, आणि शीलातून आशा, अशी जी पायरीपायरीची मांडणी केली आहे तीत आशा शेवटी येते, हे ध्यानात ठेवावे. आधी आशावादी व्हा, म्हणजे मग सोसवेल, असे तो म्हणत नाही. सोसता सोसता, जागा न सोडता, आशा पिकते असे म्हणतो.

ह्या शिकवणुकीचा दुरुपयोग झालेला नाही असे कोणी म्हणू नये. मार खाणाऱ्या बायकोला, उपाशी मजुराला, अन्यायाने नागवलेल्या कुळाला ‘सोसा, स्वर्गात फळ आहे’ असे सांगणारे उपदेशक होऊन गेले आणि आजही आहेत. परंतु स्वतः पत्करलेला धीर आणि दुसऱ्यावर लादलेला धीर ह्यांत अंतर आहे. येशूने आपला वधस्तंभ उचलण्यास सांगितले; दुसऱ्याच्या खांद्यावर तो चढवून देण्यास सांगितले नाही. रमाबाईंचे आचरण ह्याबाबतीत फार स्पष्ट होते. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना, स्त्री डॉक्टरांच्या अभावी हिंदुस्थानातील बायका औषधोपचारांवाचून मरतात हे तिने ठणकावून सांगितले. आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध तिने वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले, ज्याची दखल घेणे मुंबई सरकारास भाग पडले. स्वतःच्या दुःखाविषयी जी स्त्री आक्रोश करीत नव्हती ती दुसरीच्या दुःखासाठी सरकारशी भांडत होती. धीर आणि फिर्याद ही एकाच अंतःकरणात अशी शेजारी शेजारी नांदू शकतात.

ज्या भूमीवर त्या पहाटे ती प्रार्थना झाली ती भूमीही दुःखाला अनोळखी नव्हती. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी खाली उतरून ज्या देहूजवळून वाहते तेथल्या तुकोबांनी १६३० च्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी गमावली, व्यापार बुडालेला पाहिला, आणि मावळातील भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसून आपले गाऱ्हाणे थेट विठ्ठलापुढे मांडले. देवाशी भांडण्याचा हक्क महाराष्ट्राला तुकोबांनी शिकविला. म्हणूनच १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, असे म्हटले तेव्हा त्यात केवळ चमत्कृती नव्हती. आणि खुद्द त्या घाटमाथ्याखाली, १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटाचा लोहमार्ग कोरताना, पटकीने आणि दरडींनी हजारो मजूर मेले, ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाहीत. त्या कामाचा इंग्रज ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला, आणि त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने, मायदेशी परतण्याऐवजी तो ठेका स्वतःच्या नावे पत्करून अभियंत्यांकरवी घाट पुरा केला. आज खंडाळ्याच्या बोगद्यांतून गाडी जाते तेव्हा आपण धबधबे पाहतो. ते पाहावेत, पण ज्यांनी ती वाट कोरली त्या अनामिकांचेही स्मरण व्हावे.

आता त्या २२५ लेकींकडे वळू. १८९६ चा पाऊस फसला. वर्ष संपता संपता मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता पुण्यास पोहोचल्या, आणि त्या वाचताना रमाबाईंच्या डोळ्यांपुढे बावीस वर्षांपूर्वीचे आपले घर उभे राहिले असेल ह्यात संशय नाही. ती स्वतः त्या मुलखात गेली, दुष्काळी कामे आणि सरकारी अनाथगृहे तिने डोळ्यांनी पाहिली, तेथे निराधार मुलींची जी दैना आणि विटंबना चालली होती ती पाहिली, आणि त्यांना घेऊन परतू लागली. काही महिन्यांत ह्या मुलींची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा दौंडकडील केडगाव येथे तिने फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले. त्या तंबूंचीच पुढे ‘मुक्ती’ ही संस्था झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली तेथे आल्या.

ह्या हकिगतीतून कोणी असा अर्थ काढील की एका बाईची प्रार्थना फळास यावी म्हणून देवाने दुष्काळ धाडला. असे म्हणणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीस जाऊन बसणे होय. मला ह्यात दुसरेच दिसते. लोणावळ्याच्या रानात तिने स्वतःचे दुःख हलके करून मागितले नाही, आपल्या मेलेल्या माणसांचा मोबदला मागितला नाही; अधिक लेकी मागितल्या, म्हणजे अधिक भार मागितला. आणि तो भार जेव्हा हाडांचे सापळे झालेल्या, खरजेने भरलेल्या, माणसाला भ्यायलेल्या पोरींच्या रूपाने दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तिने तो ओळखला. कारण भुकेने सुजलेली पावले कशी दिसतात हे तिला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच हे सूत्र आहे: देव आपले सांत्वन करतो ते आपल्याला इतर पीडितांचे सांत्वन करता यावे म्हणून. सांत्वन ही एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू आहे. मुठीत दाबून ठेवली की ती विटते. दुःखाला अर्थ असतो की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि जो सोसतो आहे त्याच्या तोंडावर तो अर्थ सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु सोसलेल्याच्या हातून त्या दुःखाला उपयोग देता येतो, हे केडगावच्या माळावर उघड्या डोळ्यांनी पाहता आले असते.

एवढ्याने तिचे सोसणे संपले नाही. उतारवयात तिला ऐकू येईनासे झाले. १९२१ च्या जुलैत मनोरमा, आईचा उजवा हात आणि संस्थेचा भावी आधार, वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली. पाच मरणांनंतरचे हे सहावे, आणि सर्वांत जड. त्या वेळी रमाबाईंच्या मेजावर एक अपुरे काम होते: हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषा स्वतः शिकून, खेड्यातील साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे. लेकीच्या मरणानंतर ते काम तिने बाजूला सारले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि १९२२ च्या ५ एप्रिलला तिने देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

त्या बायबलाचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच जुळविले. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून आलेल्या होत्या, कित्येकींना आपले आईबाप कोठे आणि कसे मेले हेही ठाऊक नव्हते. ईयोबाची कैफियत, विलापगीतातील हुंदके, बेथानीचे अश्रू, हे सारे त्यांच्या बोटांतून एकेका अक्षराने कागदावर उतरले, आणि पुढे न पाहिलेल्या कोणा दुःखी घरात जाऊन पोहोचले. जिला एके दिवशी कोणी तरी रस्त्यावरून उचलून आणले होते, ती आता अनोळखी माणसाचा कैवार घेत होती.